बोटांना दिसणारी हाडं

तान्ह्या बाळाच्या पावलाचा एक्स-रे उजेडासमोर धरला की पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. पावलात हाडं जवळजवळ नसतातच. बोटांची असतात, तळव्यातली पाच लांबट असतात. पण त्यांच्या मागे, घोट्यापर्यंतच्या भागात, जिथे मोठ्या माणसाची सात हाडं एकमेकांना खेटून बसलेली दिसतात, तिथे बाळाच्या फिल्मवर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे दोन-तीन दाणे सुटे सुटे तरंगत असतात. एक टाचेचा. एक त्याच्यावरच्या टॅलस या हाडाचा, ज्याच्यावर पायाची नळी टेकते. आणि बाळ पुऱ्या दिवसांचं असेल तर बहुधा बाहेरच्या कडेला तिसरा. बाकी काळोख.

तो काळोख रिकामा नसतो. हाडं तिथेही असतात, फक्त ती अजून कूर्चेची असतात, मऊ. क्ष-किरण अडतो तो चुन्यापाशी. चुना भरला नसेल तिथून तो आरपार निघून जातो आणि मागे काही सांगत नाही. पावलाच्या आतल्या कडेचं नेव्हिक्युलर नावाचं हाड फिल्मवर उमटायला साधारण तिसरं वर्ष उजाडावं लागतं. तोवर मूल उभं राहिलेलं असतं, पडलेलं असतं, अंगणातल्या कोंबडीमागे धावलेलं असतं, आणि हे सगळं अर्ध्याअधिक न दिसणाऱ्या हाडांवर. गंमत अशी, की जन्मतः वाकड्या असलेल्या पावलात जे हाड जागा सोडून सर्वांत जास्त आत सरकलेलं असतं, ते नेमकं हेच नेव्हिक्युलर. चोर सापडतो तिथे दिवाच पोचत नाही.

माझी सगळी नोकरी खान्देशातल्या सरकारी दवाखान्यांच्या एक्स-रे विभागांत गेली. काही वर्षं धुळ्याकडे, काही जळगावकडे. आमच्याकडे एक्स-रेला लोक ‘फोटो’ म्हणतात. ‘भाऊ, फोटो काढाले पाठवं डॉक्टरनी’ असं म्हणत म्हातारी आत यायची आणि डोक्यावरचा पदर नीट करायची, छातीचा असला तरी. मी लागलो तेव्हा ओल्या फिल्मचा जमाना होता. डार्करूममध्ये लाल दिवा, रसायनांचा तो आंबूस वास, हँगरला चिमटे लावून फिल्म द्रावणात बुडवायची आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. पांढऱ्यातून काळं हळूहळू वर येतं. माझ्या पिढीच्या तंत्रज्ञाला विचाराल तर तो सांगेल, की आजच्या डिजिटल पडद्यावर चित्र क्षणात येतं ते बरंच, पण त्या लाल उजेडात माणसाचं हाड उगवताना पाहणं हे सुख होतं. आणि तान्ह्यांच्या पावलांच्या फिल्ममध्ये ते सुख कमी मिळायचं, कारण उगवायला काही नसायचंच.

शिवाय ती काढणं महाकठीण. बाळ झोपलेलं असेल तर टेबलाच्या गारव्याने जागं होतं. जागं असेल तर पाय झाडतं. मग आईच्या अंगावर शिशाचा एप्रन चढवायचा आणि तिलाच पाय धरायला सांगायचं. एवढ्या जड एप्रनमध्ये ओली बाळंतीण अवघडून उभी, दोन बोटांत ते आत वळलेलं पाऊल, आणि डोळे माझ्याकडे. मी ‘श्वास रोखा’ म्हणायचो. गरज नसायची, पण सवय.

जन्मतः आत आणि खाली वळलेल्या या पावलाला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. टाच वर चढलेली, तळवा आत वळलेला, मधली कमान खोल. साधारण हजार जन्मांमागे एका बाळात हे दिसतं. मुलींपेक्षा मुलांत जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बाळांमध्ये दोन्ही पाय. दुखत नाही. म्हणूनच घोटाळा होतो. जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जायचं, हे आमच्याकडच्या घराला सहज पटत नाही. आधी आजी तेल लावते. मोहरीचं, तिळाचं, जे घरात असेल ते. आठवडे जातात. मग कोणी बाई सांगते की अमक्या गावचा माणूस पाय बसवतो. महिने जातात.

कारण शोधायला मात्र कोणी दवाखान्याची वाट पाहत नाही. ते घरातच सापडलेलं असतं. ‘गऱ्हान पाळं नही तिनी,’ एक आजी माझ्यासमोर सुनेकडे बोट दाखवून म्हणाली होती. ग्रहणात गरोदर बाईने विळी धरली की ओठ फाटतो, पाय मुडपून बसली की पाय वाकडा होतो, हे खान्देशातच नव्हे, महाराष्ट्रभर म्हटलं जातं. सून काही बोलली नाही. तिने फक्त बाळाचं पाऊल पदराखाली घेतलं. खरं सांगायचं तर क्लबफूट का होतो हे शास्त्रालाही पुरतं उलगडलेलं नाही. काही घराण्यांत तो जास्त आढळतो, इतकं पक्कं. पण चंद्रसूर्याचा त्यात हात नाही, हेही तेवढंच पक्कं. आपल्या पुराणात अष्टावक्र पोटातच आठ ठिकाणी वाकला तो बापाच्या शापाने. वाकडं अंग म्हटलं की कोणाचा तरी दोष, ही समजूत आपल्याकडे फार जुनी, आणि शाप देणारा बाप निसटतो, बोट दाखवलं जातं ते आईकडे.

हल्ली पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत पाऊल वाकडं असल्याचं कधी कधी आधीच कळतं. नडगी आणि तळवा एकाच चित्रात, एकाच पातळीत दिसले की सोनोग्राफीवाला थांबतो. कळून पोटात करण्यासारखं काही नसतं. पण जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात कुठे जायचं ते ठरवता येतं, आणि आजीची तेलाची वाटी थोडी मागे सरकते. संगणकाने काढलेल्या चित्राचा या आजारातला मला सर्वांत पटलेला उपयोग हाच.

आमच्याकडे हाडांचे एक डॉक्टर होते. मी मोठ्या कष्टाने काढलेली तान्ह्याची फिल्म घेऊन जायचो, आणि ते ती व्ह्यूबॉक्सला न लावता बाजूला ठेवायचे. ‘फोटो राहू दे. पाय आण.’ मला राग यायचा. यंत्राचे केव्ही-एमएचे आकडे एवढे जुळवून, एवढं रडणं सोसून काढलेलं चित्र, आणि हा माणूस त्याच्याकडे पाहतही नाही. ते बाळाला आईच्या मांडीवर निजवायचे, दूध पाजायला सांगायचे, आणि एका हाताचा अंगठा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे सरकवत एका जागी थांबवायचे. तिथे टॅलसचं डोकं असतं. फिल्मवर ते डोकं दिसत नाही, तो भाग अजून कूर्चेचा असतो. अंगठ्याला मात्र लागतं. मग दुसऱ्या हाताने पाऊल त्या अंगठ्याभोवती बाहेर वळवायचं, जोर न लावता, बाळ दूध सोडणार नाही इतकं. बाळ दूध सोडून रडलं तर हात चुकला.

एकदा त्यांनी माझा अंगठा धरून तिथे ठेवला. एक बारीकशी गोल उंची लागली आणि पाऊल फिरवल्यावर ती हळूच आत गेली. ‘दिसलं?’ त्यांनी विचारलं. आयुष्यभर हाडं दाखवायचं काम केलेल्या माणसाला त्यांनी बोटाने पाहायला शिकवलं, ते एवढ्याशा प्रश्नात.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेती यांची. जन्म 1914, स्पेनच्या मिनोर्का बेटावरचा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि मुलगा त्यांच्या हाताखाली बसायचा. स्पेनच्या यादवी युद्धात तो जखमींची हाडं बसवत होता. त्याची बाजू हरल्यावर जखमींना घेऊन पिरेनीज डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेला, तिथून मेक्सिको, आणि 1941मध्ये अमेरिकेतल्या आयोवाला. तिथे त्याने आधी शस्त्रक्रिया झालेली क्लबफूटची मुलं तपासली. पाय सरळ दिसत होते, पण ताठ होते, दुखत होते. त्याने मृत बाळांची पावलं उकलून पाहिली, सांधे एकमेकांबरोबर कसे फिरतात ते शोधलं, आणि ठरवलं की कापायचं नाही, वळवायचं. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, दर आठवड्याला नवं, साधारण पाच ते सात. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेची शीर, तिथल्या तिथे भूल देऊन, सुईएवढ्या छेदातून सोडवायची. ती तीन आठवड्यांत पुन्हा जुळते. मग आडव्या पट्टीला जोडलेले बूट.

1963मध्ये त्याने हे छापलं. जगाने फारसं लक्ष दिलं नाही. क्ष-किरणाला त्यात थोडा दोष होता, असं माझं मत आहे. त्या काळात अटलांटाच्या हायरम काईट यांचा मोठा दबदबा. त्यांनी फिल्मवर टॅलस आणि टाच यांच्यातला कोन मोजायला शिकवलं. निरोगी पावलात तो 20 ते 40 अंश, वाकड्यात दोन्ही हाडं जवळजवळ समांतर. काईट हे भले गृहस्थ, सुरीच्या विरोधातलेच. पण ते अंगठा ठेवायचे तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर, अंमळ पुढे, आणि त्यामुळे टाच आतच अडून राहायची. प्लास्टर महिनोन्‌महिने चालायचं. अस्थिरोगाच्या पुस्तकांत याला आजही ‘काईटची चूक’ म्हणतात. अंगठ्याची थोडीशी सरकलेली जागा, तेवढाच फरक. कोन फिल्मवर होता, चूक बोटाखाली होती.

प्लास्टरने होत नाही म्हणून 1970च्या दशकात मोठ्या शस्त्रक्रियांची लाट आली. पाऊल आतून, मागून उघडायचं, सगळे आवळलेले बंध सोडायचे, तारा घालायच्या. टेबलावर निकाल झकास. तीस वर्षांनी त्याच मुलांची पावलं पुन्हा तपासली तेव्हा अनेकांची ताठ, दुखरी निघाली. दरम्यान 1995मध्ये पोन्सेतीच्या जुन्या रुग्णांचा सरासरी तीस-पस्तीस वर्षांनंतरचा हिशेब प्रसिद्ध झाला: 78 टक्के रुग्णांचे पाय चांगले किंवा उत्तम. तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मतः सरळ पायांच्या माणसांत हेच प्रमाण 85. एवढ्या वर्षांनी फरक सात टक्क्यांचा! त्यानंतर मात्र आईबापांनीच ही पद्धत डॉक्टरांकडे मागायला सुरुवात केली. पोन्सेती तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता आणि पुन्हा प्लास्टर घालायला बसला. 2009मध्ये गेला, पंच्याण्णवाव्या वर्षी. 3 जून, त्याचा वाढदिवस, जगभर क्लबफूट दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे तो बरोबर कपाशीच्या पेरणीच्या धांदलीत येतो, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि यंत्राने शेवटी या अंगठ्याला साक्षही दिली. शफिक पिराणी या डॉक्टरांनी 2001मध्ये प्लास्टर चालू असलेल्या तान्ह्यांच्या पावलांचे एमआरआय प्रसिद्ध केले. एमआरआयला कूर्चा दिसते. त्यात दिसलं, की हाडं नुसती जागेवर सरकत नाहीत, त्यांचे वाकडे आकारही आठवड्यांगणिक बदलतात. कूर्चा दाबाला दाद देते. याच पिराणींची पायाला गुण द्यायची पद्धत आज जगभर वापरतात: सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक. सगळ्या डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ठरवायच्या. एमआरआय काढून दाखवणाऱ्या माणसाने रोजच्या कामासाठी फिल्म मागितलीच नाही, हे मला फार आवडलं.

आता दुसरी बाजू. माझी पुतणी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशन थिएटरमधल्या इमेजिंगवर काम करते. तिने मला त्यांचं यंत्र दाखवलं होतं, रिकाम्या थिएटरमध्ये, एका प्लास्टिकच्या पायावर. आमचा सी-आर्म मला ठाऊक होता. अर्धवर्तुळाकार दांडा, एका टोकाला नळी, दुसऱ्याला पडदा, आणि सर्जन ‘शॉट’ म्हणाला की पायाखालची कळ दाबायची. हे यंत्र त्याच्या पुढच्या पिढीचं. ते पायाभोवती स्वतः फिरतं, फिरता फिरता चित्रांमागून चित्रं घेतं आणि संगणक त्यांतून पायाचा घन नकाशा उभा करतो. हाडाला एक लहान चौकट जोडलेली, तिच्यावर चकाकणारे गोळे. ड्रिललाही तसेच गोळे. कोपऱ्यातला अवरक्त कॅमेरा दोन्हींवर नजर ठेवून असतो, आणि पडद्यावर ड्रिलचं टोक हाडाच्या आत कुठे आहे ते सरकताना दिसतं, मिलिमीटरच्या हिशेबाने.

‘काका, इथे सर्जनला अंदाजाने जावं लागत नाही,’ ती म्हणाली.

‘आणि पाय तान्ह्याचा असेल तर?’

‘तान्ह्यांना इथे कोण आणतं?’

बरोबर होतं तिचं. या यंत्रासमोर येतात ती आठ-दहा वर्षांची, चौदा वर्षांची मुलं. ज्यांच्या पावलातली दोन हाडं जन्मतः एकमेकांना जोडलेली असतात आणि कूर्चेचा तो सांधा वयात येताना हाड होऊन ताठतो, अशी. ती मुलं खेळताना सारखा पाय मुरगळतो म्हणतात, शाळेत सर ‘नाटकं करू नको’ म्हणतात, साध्या फिल्मवर काही सापडत नाही. सीटी स्कॅनवर तो पूल स्पष्ट दिसतो. तो पूर्ण काढायचा, पण शेजारच्या सांध्याला धक्का लावायचा नाही; थोडा राहिला तर पुन्हा जुळतो. खोल, तिरका, टाचेच्या आतल्या अंगाचा पूल असेल तर तिथे बोटाला काही कळत नाही. तिथे पडद्यावरचा नकाशा सर्जनचा खरा सोबती. मोटारसायकलवरून पडून घोट्याची वाढीची रेघ मोडलेलं तेरा-चौदा वर्षांचं पोर, त्याचंही तेच: तुटलेला तुकडा नेमका कुठून कुठे गेलाय हे साधी फिल्म अर्धवट सांगते, सीटी पूर्ण सांगतो.

मी यंत्राचा द्वेष्टा नाही. माझी भाकरी यंत्राची होती. पण एवढं सांगतो, की त्याच थिएटरांत एक तिसऱ्या प्रकारचं मूलही येतं: जे तान्हेपणी कोणी पाहिलंच नाही. बाहेरच्या कडेवर चालून चालून पावलाच्या पाठीवर घट्टे पडलेलं, चप्पल न चढणारं मूल. त्यालाही आता आधी प्लास्टरच देऊन पाहतात, आणि वय बरंच झालेलं असलं तरी अनेकदा पाऊल वळतं. नाही वळलं तर सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांची रिंग: हाडांतून तारा, बाहेर धातूची कडी, रोज मिलिमीटर-मिलिमीटर ओढ. त्याचीच संगणकी आवृत्ती 1990च्या दशकात मेम्फिसच्या टेलर बंधूंनी आणली. दोन कड्या, मध्ये सहा तिरक्या दांड्या. एक्स-रेवरची मापं संगणकात भरली की तो तक्ता छापून देतो: आज पहिली दांडी इतकी, दुसरी इतकी. तो कागद घराच्या भिंतीला लावायचा आणि बापाने रोज सकाळी मुलाच्या पायावरच्या दांड्या फिरवायच्या. गणित अचूक, यंत्र देखणं, आणि मूल महिनोन्‌महिने लोखंड घालून बसलेलं. जे काम सातव्या दिवसाच्या बाळात दर आठवड्याच्या प्लास्टरने झालं असतं, त्याची ही थकबाकी, व्याजासकट.

बालकांच्या पावलांत यंत्राने डोकावण्याचा एक लाजिरवाणा इतिहासही आहे. गेल्या शतकात, 1920 ते 1950च्या दशकांत, युरोप-अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानांत लाकडी पेटीसारखं एक्स-रे यंत्र असायचं. पोराने नवे बूट घालून पाय आत ठेवायचे. वर तीन झरोके, एक पोराला, एक आईला, एक विक्रेत्याला. हिरव्या उजेडात बुटातली बोटं हलताना दिसायची. मजा म्हणून पोरं पुन्हा पुन्हा पाय घालायची. किरणांचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. 1957मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यावर बंदी घातली आणि मग ती यंत्रं हळूहळू भंगारात गेली. हे वाचल्यापासून तान्ह्याच्या पायाचा ‘एक फोटो काढून ठेवू’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत आलोय. दिसतं म्हणून पाहायचं नसतं. वाढत्या अंगाला किरण जास्त लागतो.

आणि दिसलं म्हणजे कळलं, असंही नाही. तुतनखामेन या मिसरच्या किशोर राजाच्या ममीचा 2005मध्ये सीटी झाला, आणि 2010मध्ये संशोधकांनी लिहिलं की त्याचं डावं पाऊल वाकडं होतं. थडग्यात शंभरावर काठ्या सापडल्या होत्या, त्याचीही साक्ष काढली. दुसऱ्यांनी त्याच चित्रांवरून ते अमान्य केलं. भांडण अजून चालू आहे. तेहतीसशे वर्षांच्या हाडाला कोणी अंगठा लावून फिरवून पाहू शकत नाही, ही अडचण.

परत खान्देशात. आमच्या भागात आता सोय नाही असं म्हणता येणार नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कधीपासूनच आहे, जळगावचं 2018मध्ये सुरू झालं. राजीव गांधी जीवनदायी योजना, जी पुढे महात्मा फुले योजना झाली, तिच्या 2 जुलै 2012च्या पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत सुरू झाला तोच पालघरला. त्याच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये वाकडं पाऊल नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, डॉक्टर मुलांना उताणं-पालथं करून पाहतात. कागदावर साखळी पुरी आहे.

ती तुटते ती आठवड्यात. दर आठवड्याला प्लास्टर, हे वाक्य आयोवात सोपं. चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरून जळगावला यायचं तर पहाटे निघून पायी फाट्यापर्यंत, मग मिळेल ते वाहन, मग एसटी. बापाचा रोज बुडतो, आईचा बुडतो, मोठ्या पोराला कुणाकडे तरी ठेवावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये बाळ रात्रभर कळवळतं. पावसाळ्यात छपरातून गळतं आणि प्लास्टर भिजून पिठासारखं सुटतं. पहिलं प्लास्टर काढल्यावर तर पाऊल आधीपेक्षा जास्त आत वळल्यासारखं दिसतं. ते तसंच दिसायला हवं, आधी कमान सोडवायची असते. पण हे समजावून सांगायला ओपीडीतल्या गर्दीत वेळ कोणाला? आई घरी जाते, सासू म्हणते, बघ, बिघडवलं. तिथे एक मूल गळतं.

आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोड. चाळीसगाव-साक्रीच्या पट्ट्यातून, नंदुरबारच्या डोंगरांतून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून कोयता धरलेला असतो. तान्हं बाळ आईबरोबर फडावर जातं. चार प्लास्टरं झालेली, तीन राहिलेली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत येतात तेव्हा पाऊल होतं तिथे गेलेलं. याला यंत्र काय करणार! याला लागेल ती एक नोंद, एक फोन, आणि फडाजवळच्या दवाखान्यात तेच प्लास्टर घालू शकणारे दोन हात. युगांडात हे काम डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलं आणि ते त्यांनी उत्तम केलं. आपल्याकडे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अंगठा ठेवायची ती जागा जाणणारा एक माणूस तयार करणं हे एका मोठ्या यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही. मी ही गोष्ट अनेक बैठकांत बोललो. यंत्राचं उद्घाटन करता येतं, अंगठ्याचं करता येत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

सर्वांत जास्त मुलं मात्र गळतात ती पाय सरळ झाल्यावर. बूट. दोन बूट, मध्ये पट्टी, वळलेलं पाऊल बाहेर साठ-सत्तर अंशांवर धरलेलं. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग फक्त झोपेत, पण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. सरळ, गोजिरं दिसणाऱ्या पायाला हा जाच कशाला, असं घरात कोणीतरी म्हणतंच. पट्टीमुळे बाळ रात्री किरकिरतं. झोपडीत सगळेच एका खोलीत, कोणाला सकाळी पाच वाजता केळीच्या गाडीवर जायचं असतं. पट्टी खुंटीला जाते. पाऊल हळूहळू परत आत येतं, इतकं हळू की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. एका आईने हे जमवलं होतं. तिने पट्टीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, खाली आपटून आवाज होऊ नये म्हणून. मूल तपासायला आणलं तेव्हा ते बाकावरून उडी मारून खाली आलं, माझ्या खोलीच्या दारापर्यंत पळालं आणि परत गेलं. डॉक्टरांनी फोटोला पाठवलंच नाही. ‘पाय सरळ ऱ्हाई ना भाऊ?’ तिने मला जाता जाता विचारलं. मी म्हणालो, बूट घातलेस तर.

म्हणून सांगणं एवढंच आहे. घरात, शेजारी, मजुरांच्या पालावर बाळ जन्मलं आणि त्याचं पाऊल आत वळलेलं दिसलं, तर तेल लावत महिना काढू नका. हाताने ते सहज बाहेर आणि वर येत असेल तर बहुधा पोटातल्या बसणीचा परिणाम असतो आणि तो सुटतो; पण ते ठरवू द्या डॉक्टरांना. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या हाडांच्या ओपीडीत न्या. आशाताईला सांगा, ती चिठ्ठी देईल. तिथे आधी फोटोचा आग्रह धरू नका, पाय दाखवा. ऊसतोडीला जाणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, कुठे जाणार ते. बाळाच्या आईला ग्रहणाचं विचारू नका. आणि प्लास्टरची एखादी तारीख चुकली, तर लाजून घरी बसू नका. पुढच्या आठवड्यात जा, पण जा.